वाचकांचे प्रश्न : साठवलेले दुवे अभ्यासाच्या कामी कसे यावेत?

विद्यार्थ्यांच्या इंटरनेट-वापराविषयी वाचकांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन मागील अंकात केले होते. नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून आलेली बरीच पत्रे एकाच अडचणीभोवती फिरतात. चांगले काही दिसले की विद्यार्थी ते साठवून ठेवतात, पण अभ्यासाला बसल्यावर ते हाती लागत नाही, आणि लागलेच तर ते का साठवले होते हे आठवत नाही. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत.

मी पंचवटीतील एका शाळेत नववीला इतिहास शिकवते. काळाराम मंदिर सत्याग्रहावर प्रकल्प दिल्यावर वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मुलांनी शेकडो दुवे टाकले. त्यातले निम्मे कोणी उघडलेलेही नाहीत. हे सगळे नीट लावण्यासाठी कोणते साधन वापरावे?

आपल्या प्रश्नातील शेवटचे वाक्य थोडे बाजूला ठेवून आधीच्या वाक्याकडे पाहू या, कारण खरी अडचण तिथे आहे. दुवा गटात टाकला की आपले काम झाले असे मुलांना वाटते. साधन कितीही चांगले असले तरी त्यात न वाचलेले दुवे भरले, तर तेवढाच पसारा अधिक देखण्या जागी जाऊन पडतो. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, दुव्यासोबत त्या विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या दोन-तीन ओळी असल्याशिवाय तो दुवा स्वीकारू नये. पानावरचा मजकूर उचलून चिकटवलेला चालणार नाही. पानावर काय मिळाले, काय मिळाले नाही आणि कोणती शंका राहिली, एवढे त्यात यावे.

नोंद कशी असावी, याचा नमुना देतो. एखाद्या विद्यार्थिनीला या सत्याग्रहावरचे एक पान सापडले, तर तिची नोंद अशी होऊ शकते : ‘पानावर लेखकाचे नाव किंवा लिहिल्याची तारीख नाही. सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला असे दिले आहे, पण किती काळ चालला ते दिलेले नाही. दादासाहेब गायकवाड यांचा उल्लेख एकाच ओळीत आहे. तारखेला दुसरा आधार हवा. गायकवाडांनी नाशिकमध्ये काय काम केले ते वेगळे शोधायचे.’ एवढ्या मजकुरावरून ते पान वाचले गेले आहे हे आपल्याला कळते आणि पुढे काय शोधायचे हे त्या मुलीला कळते. शिवाय ज्या पानावर फारसे काही नाही, तिथे दुसऱ्या कोणाचा वेळ जात नाही. डॉ. आंबेडकरांच्या लेखनाचे आणि भाषणांचे महाराष्ट्र शासनाने काढलेले खंड इंटरनेटवर वाचता येतात. अशा शंकेचे निरसन करायला मुलांना त्या खंडांकडे पाठवावे. एकमेकांवरून उतरवलेली पाच पाने म्हणजे पाच आधार होत नाहीत, हे नववीच्या मुलांना सांगून पटत नाही. नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आणि तीच वाक्ये, त्याच चुकांसह, चार ठिकाणी दिसली की ते न सांगता पटते.

आता साधनाविषयी. नववीच्या वर्गासाठी सुरुवातीला नवे अ‍ॅप घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वांना दिसेल अशी एक गूगल शीट पुरेशी आहे. तिच्यात दुवा, पानाचे नाव, लेखक किंवा संस्था, पान पाहिल्याची तारीख, दोन-तीन ओळींची नोंद आणि शंका, एवढे रकाने करावेत. ज्या मुलांकडे स्वतःचा फोन नाही, त्यांच्या नोंदी वहीतून घेऊन शाळेतील संगणकावर भरून घेता येतात. त्यामुळे फोन असलेली चार मुलेच सगळा प्रकल्प करतात, असे होत नाही.

टॅग, म्हणजे दुव्याला चिकटवायचे विषयाचे शब्द, मुलांना मोकळे सोडू नयेत. एकाने ‘काळाराम’ लिहिले, दुसऱ्याने ‘काळाराम मंदिर’ आणि तिसऱ्याने ‘मंदिर प्रवेश’, तर शोधताना तीन वेगळे ढीग मिळतात. पहिल्याच तासाला वर्गाने मिळून आठ-दहा शब्द ठरवावेत आणि ते शीटच्या वर लिहून ठेवावेत. आपल्या शहराच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. जुन्या लेखनात ‘नासिक’ असे रूप आढळते, त्यामुळे मुलांनी शोध घेताना दोन्ही रूपांनी घ्यावा, टॅगसाठी मात्र एकच रूप ठेवावे.

यानंतरचा टप्पा आपला आहे, आणि तोच बहुतेक ठिकाणी गळतो. जमलेल्या नोंदींतून दहा-बारा निवडून त्यांना क्रम लावावा. आधी त्या काळच्या नाशिकची ओळख करून देणारे पान, मग सत्याग्रहाची हकिकत, मग मूळ भाषणे किंवा पत्रे आणि शेवटी एकमेकांशी न जुळणारी दोन मते, असा काही क्रम लावला की त्या यादीचा पाठ होतो. अशी मांडणी दाखवायला पॅडलेट किंवा वेकलेट ही साधने सोयीची आहेत. पॅडलेटवर फलकावर कागद लावल्यासारखे दुवे, चित्रे आणि नोंदी शेजारी शेजारी मांडता येतात. मोफत खात्यात मात्र मोजकेच फलक करता येतात. वेकलेटवर एकाखाली एक अशी संग्रहाची मांडणी होते आणि तो पाहण्यासाठी मुलांना खाते उघडावे लागत नाही. निवड आपण करावी, पण आपली निवड मुलांपुढे ठेवताना एखादा दुवा का वगळला हेही सांगावे. दुवा वगळण्याची कारणे ऐकता ऐकता मुले स्वतः पारखायला शिकतात, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचे मोठे फळ तेच आहे.

माझी मुलगी दहावीत आहे. ती अभ्यासाचे म्हणून स्क्रीनशॉट काढत राहते. फोन भरला आहे. तिला एखाद्या बुकमार्किंग अ‍ॅपवर खाते उघडून द्यावे का? — एक पालक, नाशिक रोड

खाते लगेच उघडण्याची गरज नाही. स्क्रीनशॉटमध्ये मजकूर राहतो, पण तो कोणत्या पानावरचा, कोणी लिहिलेला आणि कधीचा, हे बहुधा निघून जाते. तिच्या फोनमधल्या ब्राउझरमध्येच बुकमार्क ठेवण्याची सोय आहे. विषयवार फोल्डर करून त्यात दुवा ठेवायचा आणि दुव्याचे नाव स्वतःच्या शब्दांत बदलायचे, ही सवय आधी लावावी. ‘मुखपृष्ठ’ किंवा ‘धडा ५’ अशा नावाचा बुकमार्क महिन्याभराने निरुपयोगी होतो. ‘भिंगाची किरणाकृती, चिन्हांचे नियम नीट समजावले आहेत’ असे नाव दिले, तर परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही तो लगेच सापडतो. जुन्या स्क्रीनशॉटसाठी रविवारी तिच्याबरोबर बसून, उपयोगाचे वहीत उतरवून घ्यावेत आणि बाकीचे काढून टाकावेत. पाठ्यपुस्तकांचे तर स्क्रीनशॉट काढायचे कारणच नाही, कारण बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात मोफत मिळतात.

पुढे खाते उघडायचे ठरले, तर संग्रह ‘सार्वजनिक’ नाही ना, हे आपण स्वतः तपासावे. काही साधनांत संग्रह सर्वांना दिसेल असा करता येतो, आणि त्यात मुलीचे नाव, शाळा किंवा छायाचित्र जाणे टाळले पाहिजे. वैयक्तिक विदेच्या (डेटाच्या) संरक्षणाचा २०२३ चा केंद्रीय कायदा १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानतो आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अपेक्षा करतो. त्यामुळे मुलीचे खाते हा आपल्या माहितीतला आणि संमतीचा विषय असावा. तिने काय साठवले यावर पाळत ठेवण्यासाठी मात्र त्या खात्याचा उपयोग करू नये. साठवलेल्या नोंदी आपल्याला दाखवाव्यात असे तिला स्वतःहून वाटले, तर अभ्यासाला अधिक बरे.

मी बारावीत आहे, सीईटीची तयारी करतो. अकरावीपासून सगळे लेख ‘पॉकेट’मध्ये ठेवले होते आणि ते बंद झाले. आता कशावर विश्वास ठेवायचा? — एक विद्यार्थी, सिडको, नाशिक

तुझी हळहळ मी समजू शकतो. पॉकेट २००७ मध्ये ‘रीड इट लेटर’ या नावाने सुरू झाले, २०१७ मध्ये मोझिलाने ते घेतले आणि जुलै २०२५ मध्ये बंद केले. असे आधीही झाले आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या डिलिशसने दुव्यांना टॅग लावण्याची पद्धत जगभर रुळवली, पण ते एका मालकाकडून दुसऱ्याकडे असे अनेकदा विकले गेले आणि शेवटी थांबले. संकेतस्थळांवरचे नवे लेख एकत्र दाखवणारे गूगल रीडर २०१३ मध्ये गेले, समाजमाध्यमांवरचा मजकूर जुळवून मांडणारे स्टोरिफाय २०१८ मध्ये. म्हणून साधन निवडताना पहिला प्रश्न हा विचारायचा की, माझा सगळा संग्रह फाइल म्हणून बाहेर काढता येतो का. ‘एक्स्पोर्ट’ची सोय शोध आणि पहिल्या आठवड्यातच ती वापरून पाहा. ब्राउझरमधले बुकमार्क एचटीएमएल फाइल म्हणून काढता येतात आणि बहुतेक साधने ती फाइल परत आत घेतात. चाचणी परीक्षा संपली की एकदा ती फाइल काढून ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवायची, एवढी शिस्त पुरे. सध्या तुला रेनड्रॉप वापरून पाहता येईल. त्याच्या मोफत खात्यात दुव्यांच्या संख्येवर मर्यादा नाही आणि संग्रह, टॅग, एक्स्पोर्ट या तिन्ही सोयी आहेत. पानाची कायमची प्रत ठेवण्याची सोय मात्र पैसे भरून मिळते.

साधन टिकले तरी पान टिकेल असे नाही. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. जे पान गेले तर तुझे अडेल, त्याची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर करून ठेवावी. ही संस्था १९९६ पासून वेबपानांच्या प्रती जपत आली आहे. तिथे ‘सेव्ह पेज नाऊ’ या जागी पत्ता दिला की त्या दिवसाची प्रत तयार होते आणि तिला स्वतःचा वेगळा दुवा मिळतो. पॉकेटमधले काही लेख मूळ जागी नाहीसे झाले असतील आणि पत्ता तुला आठवत असेल, तर तेही तिथे सापडण्याची शक्यता आहे. लॉगिन करून पाहावी लागणारी पाने मात्र तिथे जपली जात नाहीत.

तू पत्रात यूट्यूबवरील व्याख्यानांच्या लांबलचक यादीचाही उल्लेख केला आहेस. एका तासाच्या व्याख्यानाचा नुसता दुवा ठेवला, तर उजळणीच्या वेळी तो तास पुन्हा जातो. प्रत्येक प्रकरणाची वेगळी प्लेलिस्ट कर आणि वहीत कितव्या मिनिटाला काय आहे ते लिहून ठेव, उदाहरणार्थ ‘२३ व्या मिनिटाला घूर्णन गतीचे गणित, जडत्व आघूर्णाचा अक्ष कसा निवडला ते पाहणे’. यूट्यूबचा दुवा ठरावीक क्षणापासून सुरू होईल असाही काढता येतो. अभ्यासक्रम आणि वेळापत्रक मात्र सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरूनच पाहावे. गटातून आलेली पीडीएफ साठवून तिच्यावर विसंबू नये.

मी कृषी पदविकेचा विद्यार्थी, निफाड तालुक्यातला. द्राक्षावरील रोगांची माहिती जमा करतो. वडीलही माझ्या संग्रहातून औषधांची नावे विचारतात. माझ्या संग्रहात कोणती सुधारणा करावी?

आपल्या संग्रहावर बागेतली फवारणी अवलंबून आहे, म्हणून याचे उत्तर जास्त काळजीने देतो. आपल्या विषयात माहिती दोन प्रकारची असते. केवडा किंवा भुरी हे रोग कसे ओळखावेत, कोणत्या हवामानात ते वाढतात, फळछाटणीनंतर कोणत्या अवस्थेत वेल अधिक नाजूक असतो, ही माहिती सावकाश बदलते. कोणते औषध वापरावे, किती मात्रेत आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवावी, ही माहिती हंगामागणिक बदलू शकते. निर्यातीच्या द्राक्षांसाठी पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र शिफारस केलेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते आणि तिच्यात वेळोवेळी सुधारणा होतात. तीन वर्षांपूर्वी उतरवून घेतलेली यादी आपल्या फोनमध्ये जशीच्या तशी उघडते, आणि धोका त्यातच आहे, कारण ती जुनी झाली आहे हे फाइल सांगत नाही.

म्हणून पहिल्या प्रकारची माहिती खुशाल प्रत करून ठेवा. दुसऱ्या प्रकारासाठी फाइल साठवू नका. ती जिथे प्रसिद्ध होते त्या पानाचा दुवा ठेवा आणि फवारणीआधी तेच पान नव्याने उघडा. टॅगमध्ये हंगामाचे वर्ष अवश्य घाला. हंगाम संपला की त्या वर्षाचे सर्व दुवे ‘जुने’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवा, म्हणजे वडिलांनी घाईत विचारले तरी चुकीचे पान समोर येणार नाही. विक्रेत्यांच्या जाहिरातींची पाने आणि संशोधन केंद्रांची किंवा विद्यापीठांची पाने एकाच फोल्डरमध्ये ठेवू नयेत. आपला प्रकल्प अहवाल लिहायची वेळ येईल तेव्हा झोटेरो हे मोफत साधन शिकून घ्या. ते लेखक, वर्ष, प्रकाशक हे तपशील दुव्यासोबत टिपून घेते, पानाची प्रत आपल्याच संगणकावर ठेवते आणि संदर्भसूची तयार करून देते.

मी सिन्नर भागातील एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आता विद्यार्थी थेट एआयला विचारतात. अशा वेळी ग्रंथालयाने दुव्यांच्या याद्या करण्यात अर्थ आहे का? शिवाय लेखांच्या पीडीएफ आमच्या संकेतस्थळावर ठेवल्या तर चालतात का? आणि याद्या करायच्याच, तर पहिली यादी कोणत्या विषयावर करावी?

अर्थ आहे, आणि पूर्वीपेक्षा अधिक आहे. एआय उत्तर देते, पण कधी कधी अस्तित्वातच नसलेला संदर्भही तितक्याच ठामपणे देते. आपल्या यादीतला प्रत्येक दुवा एका जाणत्या माणसाने उघडून, वाचून तिथे ठेवलेला असतो. विद्यार्थ्यांना एआय वापरायचेच असेल, तर पारखलेले स्रोत त्याच्यापुढे ठेवून त्यांवरच प्रश्न विचारण्याची सोय असलेली साधने आता आहेत, आणि त्यांच्यासाठीही चांगली यादी आधी कोणीतरी करावीच लागते. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची. अशा जिल्ह्यातल्या ग्रंथपालाने वाचकासाठी निवड करून देण्याचे काम आपले नाही असे मानू नये.

पीडीएफबद्दल थोडक्यात. दुवा द्यावा, फाइल उचलून ठेवू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अध्यापन आणि खासगी अभ्यासासाठी काही सवलती आहेत, पण संपूर्ण पुस्तक किंवा लेख सर्वांना उतरवून घेता येईल असा ठेवणे त्यात बसते असे समजू नये. ज्यांचा हक्क संपला आहे किंवा जे मुक्त परवान्याखाली आहे, ते मात्र निर्धास्तपणे ठेवावे. १८८३ चा नाशिक जिल्ह्याचा गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतील सोळावा खंड, हे याचे उत्तम उदाहरण आहे. मराठी विश्वकोशाचे खंड, नॅशनल डिजिटल लायब्ररी आणि स्वयम व दीक्षा ही सरकारी ऑनलाइन शिक्षणाची संकेतस्थळे यांच्याकडे नेणारे दुवे प्रत्येक यादीच्या आरंभी असावेत. केवळ संकेतस्थळाच्या मुखपृष्ठाचा दुवा देऊन मात्र थांबू नये. विश्वकोशातील नेमकी नोंद किंवा स्वयमवरील नेमका अभ्यासक्रम दाखवला, तरच विद्यार्थी तिथवर पोचतो.

याद्या थोड्या आणि लहान असाव्यात. प्रत्येक यादीवर ती शेवटची कधी तपासली याची तारीख आणि तपासणाऱ्याचे पद लिहावे आणि सत्राच्या सुरुवातीला सर्व दुवे एकदा उघडून पाहावेत. तुटलेला दुवा गुपचूप काढून टाकण्याऐवजी त्याजागी वेबॅक मशीनवरची प्रत जोडावी. यादीचा क्यूआर कोड छापून त्या विषयाच्या कपाटावर लावावा, म्हणजे पुस्तक घ्यायला आलेल्या विद्यार्थ्याला दोन्ही एकाच जागी मिळतात.

पहिली यादी कोणत्या विषयावर करावी असे आपण विचारले आहे. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यावर करावी असे मी सुचवीन. त्याविषयी आतापासूनच खरे-खोटे पुष्कळ फिरते आहे आणि सर्वच शाखांचे विद्यार्थी त्यावर प्रकल्प करतील. इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी गॅझेटिअरमधील त्र्यंबकची आणि नाशिकची वर्णने, विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे गोदावरीच्या पाण्याविषयीचे अहवाल, वाणिज्य आणि समाजशास्त्रासाठी शासनाचे आराखडे आणि निर्णय, असे तीन भाग करता येतील. प्रत्येक दुव्याखालच्या दोन ओळी विद्यार्थ्यांकडूनच लिहून घ्याव्यात आणि आपण तपासून मग प्रसिद्ध कराव्यात.